जुना आरसा घेताय? आधी त्याची पाठ बघा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. बेळगावात टिळकवाडीत नवा फ्लॅट घेतलाय, हॉलमध्ये एक मोठा जुना आरसा लावायचाय. सासरचा खानापूरकडचा वाडा मोडायला काढलाय, तिथून आरसेवाला हॅट स्टँड आणि आजेसासूबाईंची फणेरपेटी (फणी-कुंकवाची, झाकणात आरसा असलेली पेटी) मिळालीय, पण स्टँडच्या आरशाला काळे डाग पडलेत, तर परत पारा मारून घ्यावा का? शिवाय एका जुन्या सामानवाल्याकडं सोनेरी फ्रेमचा चार बाय तीन फुटी आरसा बघून ठेवलाय, तो म्हणतो दीडशे वर्षं जुना, बेल्जियमचा. खरं खोटं कसं ओळखायचं? आणि फणेरपेटी मुलगी जर्मनीला घेऊन जाते म्हणते, चालतंय का?

ताई, आधी सोनेरी आरशाचं बघू, कारण तुमचे पैसे तिथंच जाणार आहेत, बाकी दोन वस्तू तर घरच्याच आहेत.

आपल्याकडं जुना आरसा म्हटला की तो बेल्जियमचाच असतो. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे पण इंग्लंडचा किंवा फ्रान्सचा आरसा आहे असं सांगणारा दुकानदार अजून भेटायचाय. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला बेल्जियममधून, त्यातही शार्लेरॉयच्या पट्ट्यातून, जगभर काच जायची आणि हिंदुस्थानातही यायची हे खरंच आहे, पण त्याच काळात इतर देशांचीही काच यायची आणि गंमत म्हणजे बहुतेक आरशांवर कुठंच काही लिहिलेलं नसतं. त्यामुळं "वहिनी, बेल्जियम हाय बघा, हात तर लावून बघा की, कसला विचार करूलाय" असं कुणी म्हणालं की हसून मान हलवायची आणि त्या शब्दाचे पैसे द्यायचे नाहीत. एखाद्याच्या पाठीवर कागदाचं जुनं लेबल शिल्लक असतं, ते असलं तर वेगळी गोष्ट.

दुकानात आरसा भिंतीला टेकवून ठेवलेला असतो आणि आपण पुढून बघत बसतो, म्हणजे खरं तर स्वतःलाच बघत बसतो. तसं करू नका. दोघांनी धरून तो फिरवायला सांगा आणि पाठ बघा. "मागं काय बघायचं, नुसती फळी हाय" म्हणून कुणी टाळाटाळ करायला लागला तर तिथंच चहा पिऊन निघा.

पाठीला काय दिसायला पाहिजे? फळी असेल तर तिचा रंग सगळीकडं सारखा नसतो, जिथं हवा लागलीय तिथं काळपट आणि जिथं फ्रेमच्या खाचेत झाकलेली होती तिथं फिकट. चहाचं पाणी किंवा वॉलनट स्टेन मारून जुनी केलेली फळी सगळीकडं एकसारखी तपकिरी दिसते, अगदी खाचेच्या आतसुद्धा, आणि तिथंच सापडते. चुका, म्हणजे बारीक खिळे, गंजलेल्या असतील तर गंज लाकडात उतरून चुकेभोवती काळं वर्तुळ झालेलं असतं. नवी चूक मिठाच्या पाण्यात गंजवून ठोकली तर ते वर्तुळ नसतं. स्क्रूचं डोकं बघा. चार कोपऱ्यांची फुली असलेले स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाले आणि आपल्याकडं सर्रास व्हायला त्यानंतर बराच काळ गेला, तेव्हा दीडशे वर्षांच्या आरशाला ते असतील तर निदान कुणीतरी तो मध्ये उघडलेला आहे एवढं नक्की. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली आजकालची फळी, असेल तर विषयच संपला. प्लायवूड दिसलं म्हणून मात्र लगेच नाक मुरडू नका, कारण चहाच्या खोक्यांची पातळ प्लाय पाठीला मारायची पद्धत जुनीच आहे, त्यावर कधी कधी मळ्याचा स्टेन्सिलचा शिक्कासुद्धा दिसतो.

काच आणि फळीच्या मध्ये पुष्कळदा जुना पेपर घातलेला असतो. आपल्याकडं तरुण भारतची पानं निघतात, कन्नड पेपर निघतात, क्वचित इंग्रजी. लोक तारीख वाचून खूश होतात आणि तीच आरशाची जन्मतारीख समजतात. पेपर एवढंच सांगतो की पाठ शेवटची बंद झाली ती त्या तारखेनंतर. आरसा त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो, आणि जुन्या रद्दीचा पेपर कालसुद्धा घालता येतो. तरीपण पेपर फेकू नका, घडी करून परत आतच ठेवा.

आता काचेची पाठ. इथं थोडं नीट वाचा कारण एक गोष्ट तब्येतीची आहे. आरशाला "पारा लावणे" आपण अजून म्हणतो ते उगाच नाही, जुन्या पद्धतीत खरोखर पाराच असायचा. कथलाचा (टिनचा) पातळ पत्रा सपाट दगडावर पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजन ठेवून जादाचा पारा कित्येक दिवस निथळू द्यायचा. १८३५ मध्ये लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टनं काचेवर चांदीचा थर बसवायची रासायनिक पद्धत काढली, आणि पुढं हळूहळू पारा मागं पडला, तरी १९०० च्या आसपासपर्यंत पाऱ्याचे आरसे बनत होतेच. म्हणजे माणूस खरंच दीडशे वर्षं म्हणत असेल तर आरसा पाऱ्याचा असू शकतो. ओळखायचं असं: पांढरा कागद काचेजवळ धरायचा. पाऱ्याच्या आरशात तो थोडा निळसर राखाडी दिसतो, चांदीच्या आरशात किंचित पिवळट, ऊबदार. पाऱ्याच्या आरशाची पाठ रंगवलेली नसते, राखाडी चकचकीत पत्र्यासारखी दिसते, आणि पुढून तिरकं बघितलं तर बारीक स्फटिकांसारखी चमचम दिसते. फ्रेमच्या खालच्या खाचेतल्या धुळीत मोहरीपेक्षा बारीक चांदीचे मणी दिसले तर तो सुटा पारा आहे, हात लावू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात लावू नका कारण त्यानं वाफ खोलीभर होते. असा आरसा उलटा करायचा नाही, तापवायचा नाही, खरवडायचा नाही, बेडरूममध्ये लावायचा नाही. आपल्या भागात असे आरसे फार कमी दिसतात, मोठ्या सरदारी किंवा व्यापारी घरातला असेल तरच, पण दिसला तर घरात लहान मुलं असणाऱ्यांनी तो सोडून द्यावा असं माझं मत आहे, कितीही सुंदर असू दे.

चांदीच्या आरशाची पाठ मात्र रंगवलेली असते, बहुतेक लालसर तपकिरी किंवा काळपट, नंतरच्या काळातल्याला चांदीवर तांब्याचा थर आणि मग रंग. तो जुना लाल रंग शिशाचा असू शकतो, म्हणून पॉलिश पेपर मारून "पाठ साफ" करायला कुणाला देऊ नका.

पुढच्या बाजूनं बघायच्या गोष्टी आता पटपट सांगतो. काठाला तिरकी घासलेली पट्टी असते, बेव्हल म्हणतो आपण, त्यावरून डोळे मिटून बोट फिरवा. हातानं घासलेली जुनी पट्टी रुंद आणि उथळ असते, काच कुठं संपून उतार कुठं सुरू झाला ते बोटाला धड कळत नाही, आणि चारी बाजूंची रुंदी अगदी तंतोतंत सारखी नसते. मशीनवरची नवी पट्टी धारदार लागते, कोपऱ्यात दोन रेघा सुरीनं कापल्यासारख्या मिळतात. मग पेनाचं टोक काचेला टेकवा, टोक आणि त्याचं प्रतिबिंब यात जेवढी फट दिसेल त्यावरून काच पातळ की जाड ते कळतं. जाडीवरून वय कळत नाही, पण एकाच हॅट स्टँडवर दोन आरसे असतील आणि दोन्हीची फट वेगळी असेल तर एक बदललेला आहे.

लाटांबद्दल पण विचारतात लोक. आरशात दाराची चौकट किंवा खिडकीचा गज बघत डोकं हळू डावी-उजवीकडं न्यायचं, रेघ वळवळली तर काच जुन्या पद्धतीची, ओढून किंवा फुगवून केलेली. आताची सपाट फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, ती पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये जाहीर केली, तिच्यात लाट नसते. पण उलटं लावू नका, की लाट नाही म्हणजे नवाच. त्या काळातली भारी प्लेट काच दोन्ही बाजूंनी घासून पॉलिश केलेली असायची, तीसुद्धा सपाटच असते. आणि "काच शंभर वर्षांत खाली ओघळते, म्हणून खालच्या बाजूला जाड असते" हे तर अगदी शिकलेले लोकही सांगतात. काच घरातल्या तापमानाला ओघळत नाही. जुनी काच कमी-जास्त जाडीची असते ती बनवतानाच तशी झालेली असते, बसवणाऱ्यानं जाड बाजू खाली ठेवली एवढंच.

डागांकडं बघून तर नक्कल सगळ्यात लवकर ओळखता येते. खरा डाग काठापासून आत येतो, बहुतेक खालच्या काठापासून, कारण ओल तिथं साठते, किंवा मागच्या दोन फळ्यांच्या फटीच्या रेषेत येतो, किंवा पाठीवरच्या एखाद्या ओरखड्याभोवती पसरतो. म्हणजे प्रत्येक डागाला मागं काहीतरी कारण सापडतं. ॲसिड शिंपडून केलेले डाग काचभर सारखे विखुरलेले असतात, मधोमध तेवढेच आणि काठाला तेवढेच, आणि मागं त्या जागी फळी कोरडी ठणठणीत. हल्ली असे मुद्दाम डागाळलेले नवे आरसे इंटिरियरवाले "अँटिक मिरर" म्हणून विकतात. नवा म्हणून विकला तर माझी काही तक्रार नाही, दिसायला छान दिसतात.

सोनेरी फ्रेमचं म्हणाल तर खरा सोन्याचा वर्ख आणि सोनेरी पावडरचा रंग यात फरक असा की पावडरचा रंग काही वर्षांत तपकिरी-हिरवट पडतो, वर्ख पडत नाही. वर्खाच्या फ्रेमवर बारीक बघितलं तर चौकोनी पानं एकमेकांवर चढवल्याच्या फिक्या रेषा दिसतात, आणि उंचवट्यांवर जिथं पुसून पुसून वर्ख गेलाय तिथं खालचा लाल किंवा पिवळा मातकट थर डोकावतो. नक्षी लाकडात कोरलेली आहे का साच्यातली, हेही बघा. साच्यातली असली म्हणून नकली नव्हे, जुन्या फ्रेमांवर खडू, सरस वगैरेच्या लगद्याची साच्यातली नक्षी भरपूर असते, पण ती वाळून आडव्या बारीक भेगा पडलेल्या असतात. आजची पीओपी किंवा फायबरची नक्षी भेगांशिवाय गुळगुळीत असते आणि टिचकी मारल्यावर आवाज पोकळ येतो. एक हात जोडून विनंती, खरी वर्खाची फ्रेम ओल्या फडक्यानं पुसू नका. काही वर्ख नुसत्या पाण्यानं निघून येतो. दुकानदार "बघा पुसून दाखवतो" म्हणून ओला कापूस फिरवायला लागला तर त्याला थांबवा.

तुमच्या सोनेरी आरशाबद्दल माझा सल्ला असा, की या सगळ्यातून तो पास झाला तरी दुकानदाराला फ्रेमची आणि कामाची किंमत द्या. गावातल्या चांगल्या सुताराला विचारा की एवढी सागवानी फ्रेम कोरून बेव्हल आरसा घालून आज कितीला पडेल. तो आकडा डोक्यात ठेवूनच घासाघीस करा. दीडशे वर्षांची गोष्ट कागदावर लिहून द्यायला तयार असेल तर त्याची वेगळी किंमत बोलू.

आता हॅट स्टँड. पारा मारून घेऊ नका, निदान लगेच नको. हे काम मनापासून करणारे फार थोडे राहिलेत. जुनी चांदी ॲसिडनं काढून नवीन चढवावी लागते, त्यात काच तडकू शकते, आणि खरं सांगू का, बऱ्याच ठिकाणी जुनी काच बाजूला ठेवून नवीन बसवतात आणि "पॉलिश करून दिलं" म्हणतात. जुन्या काचेला गिऱ्हाईक आहे हे त्यांना माहीत असतं. द्यायचाच झाला तर आधी काचेवरचा एखादा ओरखडा किंवा बुडबुडा जवळून फोटो काढून ठेवा, परत आल्यावर तोच आहे का बघा. काचेवर कोरीव नक्षी असेल, फुलं-वेली घासलेल्या असतील, तर पारा मारायचा विचार करा कारण ती काच परत मिळणार नाही. साध्या काचेला गरज नाही. हॅट स्टँडच्या आरशात कुणी दाढी करत नाही, जाता जाता टोपी-केस नीट केले की झालं, तेवढं डागाळलेल्या काचेतही दिसतं. रोज तोंड बघायला आरसा पाहिजेच असेल तर जुनी काच अलगद काढून, वाकळीत गुंडाळून, त्यावर कुठल्या स्टँडची ते लिहून ठेवा आणि त्या मापाची नवीन घाला. पुढं कुणाला विकायचं झालं तरी मूळ काच जवळ असली की भाव वेगळा मिळतो.

डाग वाढू नयेत म्हणून मात्र काम करायला हवं. मागची फळी कुजलीय का बघा. आपल्याकडं गंमत अशी की फ्रेम दांडेली-हल्याळकडच्या अस्सल सागाची आणि पाठीला आंब्याची फळी, कारण मागं कोण बघतंय. सागाला कीड सहसा शिवत नाही, आंब्याला ती आवडीनं खाते. बारीक भोकं असतील तर घाबरू नका, भोकं जुनी असू शकतात. स्टँड काळ्या कागदावर दोन-तीन आठवडे उभा करून ठेवा, खाली पिठासारखी ताजी पांढरट पावडर पडली तर कीड जिवंत आहे आणि आधी औषध, मग घरात. वाळवीची माती दिसली तर फ्लॅटमध्ये आणूच नका तोवर. आणि काच परत बसवताना सुताराच्या हातात सिलिकॉनची ट्यूब दिसली तर वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन चांदीचा थर खातं, काही महिन्यांत पुढून काळी रेघ उमटते. न्यूट्रल सिलिकॉन वेगळं मिळतं ते मागा, नाहीतर लाकडी पट्ट्या आणि बारीक चुका, जुनी पद्धत, सगळ्यात बेस्ट.

वाड्यातल्या सागवानावर ऑइल पेंट फासलेला असतो, तुमच्याही स्टँडवर असेल तर काढायचा मोह होणारच. काढा, पण कोरडा घासून धूळ उडवू नका, जुन्या पेंटमध्ये शिसं असतं. पेंट रिमूव्हर लावून, गॅलरीत बसून, मास्क घालून. मग वर लाखेचं स्पिरिट पॉलिश. मेलामाइन किंवा पीयू मारून काचेसारखा चकचकीत केला तर तो शोरूममधला वाटायला लागतो.

फणेरपेटीला तर काहीही करू नका. ती पेटी उघडल्यावर झाकणाच्या आत जो छोटा आरसा तिरका उभा राहतो त्याच्या खालच्या काठाला कुंकवाचा लालपणा मुरलेला असेल, आणि कुठंतरी मेणाचा एखादा थेंब असेल, आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखायची पद्धत होती ना. तो लालपणा घालवू नका. मेण फारच जाड झालं असेल तर बांबूच्या चपट्या काडीनं, सुरीनं नव्हे, हळू उचलायचं, राहिलेलं टर्पेंटाइनचा थेंब लावलेल्या फडक्यानं, आणि काठापासून लांब. काठात टर्पेंटाइन शिरलं की मागचा रंग सुटतो. बिजागरी बघा, पितळेची असेल आणि सैल झाली असेल तर तीच पिन बदलून घ्या, स्टीलची नवी बिजागरी लावू नका. आत कप्प्यात करंडा, फणी शिल्लक असेल तर सगळं एकत्र ठेवा, सुटं सुटं वाटू नका नातेवाइकांत. हे सांगायचं कारण की वाडा मोडताना वाटण्या होतात आणि एकाकडं पेटी, दुसऱ्याकडं करंडा जातो.

जागेचं बोलू. आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट लक्षात घ्यायला लागते, की अथणी-रायबागकडची हवा आणि खानापूर-जांबोटी-कणकुंबीकडची हवा म्हणजे दोन वेगळे मुलूख आहेत. तोच आरसा अथणीत कित्येक वर्षं जसाच्या तसा राहतो आणि जांबोटीत चार पावसाळ्यांत काठ काळे करतो. बेळगाव शहर मध्ये आहे पण पावसाळ्याच्या बाबतीत खानापूरच्या बाजूला झुकलेलं. त्यामुळं पश्चिमेची बाहेरची भिंत, जिच्यावर जून ते सप्टेंबर पाऊस आपटतो, ती आरशासाठी वाईट. घरातली मधली भिंत घ्या. आणि कुठंही लावलात तरी आरसा भिंतीला चिकटवून लावू नका, खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे लावून बोटभर फट ठेवा, मागून हवा खेळली पाहिजे. खानापूरच्या वाड्यातून टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये आणताना लाकूडही जरा आवळतं, म्हणून आणल्या आणल्या सगळं फिट करून टाकायची घाई नको, एखादा महिना तसंच उभं राहू दे. एसीच्या झोतासमोर तर नकोच.

बेसिनवर जुना आरसा लावायचं खूळ सध्या जोरात आहे, फोटोत छान दिसतं. नको. रोज पाण्याचे शिंतोडे, गीझरची वाफ, साबण. तिथं नवा लावा, फ्रेम हवी तर जुनी घ्या.

वजनाचा अंदाज घ्या. काच दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागं अडीच किलो भरते, म्हणजे तुमचा चार बाय तीनचा आरसा सहा मिलिमीटरचा असेल तर नुसती काच सोळा-सतरा किलो, वर फ्रेम आणि फळी. एका खिळ्याचं हे काम नाही. दोन वेगळ्या ठिकाणी दोन हूक, किंवा फ्रेमला आडवी तिरकी कापलेली लाकडी पट्टी आणि भिंतीला तिच्या उलट पट्टी, एकीवर दुसरी बसते, ही पद्धत सगळ्यात भक्कम. मागची जुनी तार कितीही शाबूत दिसली तरी बदला, जुनी तार पीळ सुटून एक दिवस रात्री जाते. जुन्या घरात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत असेल तर साधे प्लास्टिकचे प्लग चिऱ्यात धरत नाहीत, चिरा ठिसूळ आणि छिद्राळ असतो. मोठं भोक पाडून लाकडी गट्टू सिमेंटमध्ये बसवायचा, वाळू द्यायचा, मग स्क्रू. फ्लॅटच्या ब्लॉकच्या भिंतीला केमिकल अँकर मिळतात, हार्डवेअरवाल्याला विचारा.

मापाची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे पेपर चिकटवून आरशाच्या मापाचा कागद करायचा आणि तो भिंतीवर दोन दिवस लावून ठेवायचा. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची छतं उंच, तिथं डोक्यावर कोरीव मुकुट असलेला आरसा शोभतो, तोच फ्लॅटच्या दहा फुटी छताखाली आला की मुकुट डोक्याला लागतोय असं वाटतं. सोफ्याच्या वर लावणार असाल तर सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीचा. आणि कागदाच्या जागी उभं राहून समोर काय आहे ते बघा, कारण आरशात तेच दुप्पट होणार. खिडकी, झाड, बुकशेल्फ असलं तर उत्तम. टीव्ही, फिरता पंखा किंवा चपलांचा स्टँड असला तर जागा बदला. वास्तूवाले उत्तर किंवा पूर्वेची भिंत सांगतात, घरातल्या मोठ्यांना तसं हवं असेल तर चालतंय की, पश्चिमेच्या ओलीपासूनही आपोआप वाचता.

गणपतीत हे आरसे मखराच्या मागं लावायची हौस असते, त्यात बेळगावचा गणपती म्हटल्यावर बोलायलाच नको. लावा, पण फ्रेमला चिकटपट्टी लावू नका. पट्टी काढताना वर्ख आणि लगद्याची नक्षी दोन्ही सोबत निघून येतात. विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्याकडं येणाऱ्या कामांपैकी बरीचशी हीच असतात.

सोनेरी आरसा नाहीच जमला तर माझी आवड सांगतो. जुन्या सलूनचे आरसे बघा. सलूनवाले आता एलईडीचे गोल आरसे बसवायला लागलेत आणि जुने लांबलचक आरसे, साधी सागाची चौकट, जाड बेव्हल काच, रद्दीच्या भावानं जातात, कारण त्याला कुणी अँटिक म्हणतच नाही. काच त्या सोनेरीपेक्षा पुष्कळदा चांगली असते. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या घरांतून निघणारी तीन पाखांची ड्रेसिंग टेबलं पण छान, फक्त तिन्ही काचा एकाच वयाच्या आहेत का ते पेनाच्या टोकानं बघा. चहा-सिगारेटच्या जाहिरातींचे छापील आरसे आणि "रेल्वेचा आरसा" म्हणून एम अँड एस एमचा शिक्का मारलेले, यांच्यापासून जरा लांब. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे १९०८ मध्ये झाली आणि लोंढ्यावरून तिच्या गाड्या धावत होत्या, त्यामुळं खरी वस्तू इकडं निघू शकते, पण शिक्का काल मारणंही सोपं आहे. शिक्क्याच्या खाचेत पॉलिश आणि मळ बसलाय का उघडं ताजं लाकूड दिसतंय, ते भिंगातून बघा.

आणायचं कसं ते सांगून ठेवतो, कारण खानापूरचा रस्ता. आरसा आडवा झोपवून कधीच न्यायचा नाही, उभाच, लांब काठावर, दोन्ही बाजूंना वाकळ किंवा घोंगडं, आणि टेम्पोत माणूस धरून बसलेला. काचेवर फुलीसारखी पट्टी मारायची ती फुटू नये म्हणून नव्हे, फुटलीच तर तुकडे सांडू नयेत म्हणून, आणि ती फक्त काचेवर. पाऱ्याचा निघालाच एखादा तर तो घरी होता तसाच, वरची बाजू वर ठेवून.

आता जर्मनीचं. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची वस्तू त्यात पुरावशेष धरली जाऊ शकते आणि तशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, विकणाऱ्यालाही लायसन्स लागतं. देशात पुण्याला-मुंबईला न्यायला अडचण नाही. फणेरपेटी आजेसासूबाईंची म्हणजे शंभरच्या काठावर असू शकते, विमानतळावर कस्टमवाल्यानं विचारलं तर तोंडी सांगून भागत नाही. भारतीय पुरातत्त्व खातं, म्हणजे एएसआय, वस्तू तपासून ती पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र देतं, ते आधी घ्यायला लावा. अर्जाबरोबर सगळ्या बाजूंचे फोटो लागतात, तर उघडी पेटी, बंद पेटी, आतला आरसा, बिजागरी आणि तळ असे दिवसाच्या उजेडात काढून ठेवा, तिकीट बुक करायच्या बरंच आधी. शंभरच्या वरची निघाली तर पेटी इथंच राहणार, मुलीला त्यातली फणी तरी न्यायचीय म्हणाली तर तीही त्याच तपासणीत दाखवा.